तुटलेले हात आणि सरकारी दप्तर

अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात एका काळ्या सैनिकाचे छायाचित्र आहे. त्याचे नाव लुईस मार्टिन. पलटण २९ वी, कंपनी ‘ई’. त्याचा उजवा हात नाही आणि डावा पाय नाही. उरलेली थोटके कॅमेऱ्याला नीट दिसावीत अशा रीतीने त्याला बसवलेले आहे. हे छायाचित्र कोणी कौतुकाने काढलेले नाही. अपंगत्वामुळे सैन्यातून मुक्त केल्याचा जो दाखला असतो, त्या दाखल्याचा तो पुरावा आहे. सरकारला खात्री पटावी म्हणून तो काढला गेला.

हा माणूस सैन्यात कसा आला, त्याचे अवयव कोठे गेले, त्यानंतर तो कसा जगला आणि त्याला माती कोठे मिळाली, हे आज आपल्याला बऱ्याच अंशी सांगता येते. ते कोणत्या कागदांतून सांगता येते आणि ते कागद कसे वाचायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय परका वाटेल, पण तो तसा नाही. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी जे औदार्य आणि स्वार्थत्याग दाखविला, त्याबद्दलचा तो सन्मान होता, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही त्यामागची इच्छा होती. जोतीराव ती अर्पणपत्रिका लिहीत होते त्या वर्षी लुईस मार्टिन एक हात आणि एक पाय घेऊन जिवंत होता. तेव्हा त्या स्वार्थत्यागाचा हिशेब मांडताना तो केवळ गोऱ्या सज्जनांच्या खाती टाकून चालणार नाही. गुलामांनी स्वतः किती दिले, हेही त्या वहीत लिहिले गेले पाहिजे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील गुलामधारी राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. त्यांनी आपले वेगळे राज्य, म्हणजे कॉन्फेडरसी, स्थापन केले आणि उत्तरेने संघराज्य टिकविण्यासाठी लढा दिला. या युद्धात जखमींचे हात-पाय तोडण्याच्या शस्त्रक्रिया पूर्वी कधी झाल्या नव्हत्या इतक्या झाल्या. एकट्या उत्तरेच्या वैद्यकीय दप्तरात अशा सुमारे ३०,००० शस्त्रक्रिया नोंदलेल्या आहेत. याचे कारण त्या काळच्या गोळीत आहे. मिनिये गोळी या नावाने ती ओळखली जाई. मऊ शिशाची, शंकूच्या आकाराची आणि जड. ती हाडाला लागली की पसरत असे आणि हाडाचा चुरा करीत असे. सोबत कपड्याची चिंधी व धूळ जखमेत नेत असे. चुरा झालेले हाड जोडण्याचे साधन शल्यवैद्यांजवळ नव्हते. जंतूंमुळे जखम सडते हेही त्यांना माहीत नव्हते. जोसेफ लिस्टरचे जंतुनाशक पद्धतीविषयीचे लेखन १८६७ साली, म्हणजे युद्ध संपल्यावर प्रसिद्ध झाले. म्हणून सडण जिवावर उठण्याआधी अवयव काढून टाकणे हाच त्यांना एक उपाय दिसे. क्लोरोफॉर्म आणि ईथर उपलब्ध होते, बहुतेक शस्त्रक्रियांत ते वापरलेही जात. पण तेच पाते, तोच स्पंज एका रुग्णावरून दुसऱ्यावर जाई. नोंदलेल्या रुग्णांपैकी चारांत एक दगावला. छेद धडाच्या जितका जवळ तितका मृत्यू जवळ, असे त्यांचे गणित होते.

या युद्धात काळा माणूस सैनिक म्हणून उशिरा घेतला गेला. हे युद्ध गोऱ्यांचे आहे, असे आरंभी सरकारच म्हणत होते. १ जानेवारी १८६३ च्या मुक्ती-घोषणेनंतर दार उघडले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात काळ्या पलटणींसाठी वेगळे खाते निघाले. ‘युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स’ या नावाने त्या पलटणी ओळखल्या जात. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० काळे सैनिक भूदलात आणि सुमारे १९,००० नौदलात दाखल झाले. उत्तरेच्या सैन्याचा तो जवळजवळ दहावा हिस्सा होता. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात गुलामांनी मळे सोडून जाणे हा एक सार्वत्रिक संपच होता, अशी मांडणी केली. त्या संपातूनच हे सैनिक आले.

पण सैन्यात येऊनही भेद संपला नाही. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०. त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे म्हणून कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घ्यायलाच नकार दिला आणि कित्येक महिने बिनपगारी लढाई केली. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये आला. याहून भयंकर गोष्ट रणांगणावरची होती. पकडलेल्या काळ्या सैनिकाला युद्धकैदी मानणार नाही, बंडखोर गुलाम मानू, असे दक्षिणेच्या सरकारने जाहीर केले होते. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो येथे शरण आलेल्यांची कत्तल झाली.

लुईस मार्टिन ज्या लढाईत जखमी झाला ती पीटर्सबर्गची ‘क्रेटर’ची लढाई, ३० जुलै १८६४. शत्रूच्या खंदकाखाली भुयार खणून दारू उडविण्यात आली. त्यानंतर पुढे घुसण्याची तयारी एका काळ्या डिव्हिजनकडून करून घेतली होती. आदल्या दिवशी वरिष्ठांनी बेत बदलला. बेत फसला तर काळ्यांना बळी दिले असे लोक म्हणतील, ही भीती. तयारी नसलेल्या गोऱ्या तुकड्या आधी गेल्या आणि स्फोटाने पडलेल्या प्रचंड खड्ड्यातच अडकल्या. मग काळ्या पलटणींना त्याच गर्दीत लोटण्यात आले. शस्त्र खाली ठेवलेल्या कित्येक काळ्या सैनिकांना तेथे ठार मारण्यात आले. मार्टिन त्यातून वाचला.

येथे माग घेणाऱ्याने पहिली खूणगाठ बांधली पाहिजे. अवयव तोडला गेला अशी नोंद होण्यासाठी जखमी माणूस आधी इस्पितळात पोहोचावा लागतो. जो खड्ड्यातच मारला गेला त्याची नोंद ‘हरवला’ किंवा ‘मेला’ एवढीच होते. म्हणून अंगच्छेद झालेल्या काळ्या सैनिकांच्या नोंदी कमी दिसल्या तर त्यावरून त्यांनी कमी सोसले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दप्तरातील रिकामी जागा हीसुद्धा काही सांगत असते.

आता दप्तराकडे वळू.

पहिला कागद सैनिकी सेवेचा. युद्धानंतर पेन्शनचे अर्ज एवढे वाढले, की जुने हजेरीपट हाताळून फाटू लागले. म्हणून १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युद्धखात्याने प्रत्येक सैनिकाच्या नावाने कार्डे करून घेतली. हजेरीपट, इस्पितळाची वही, पलटणीचे वर्णनपुस्तक यांतील नोंदी कारकुनांनी त्या कार्डांवर उतरवल्या आणि एकेका सैनिकाची कार्डे एकेका लिफाफ्यात घातली. वर्णनपुस्तकावरून उतरवलेल्या कार्डात उंची, वर्ण, जन्मस्थान, व्यवसाय हे मिळते. हजेरीपटाच्या कार्डात तो अमुक दोन महिने ‘हजर’ होता की ‘गैरहजर, इस्पितळात’ होता, हे मिळते. एकेक कार्ड ओळीने लावले की माणूस चालू लागतो: भरती, कूच, हजर, हजर, मग एक दिवस ‘जखमी’, मग ‘गैरहजर’, मग ‘अपंगत्वामुळे मुक्त’.

काळ्या सैनिकाच्या लिफाफ्यात आणखी एक कागद सापडण्याचा संभव असतो. तो वाचताना हात थरथरतो. मेरीलँड, मिसुरी यांसारखी काही गुलामधारी राज्ये संघराज्यातच राहिली होती. तेथील ‘राजनिष्ठ’ मालकाचा गुलाम सैन्यात गेला, तर मालकाला ३०० डॉलरपर्यंत भरपाई मागण्याची सोय सरकारने केली होती. त्यासाठी मालकाने गुलामावरील आपला हक्क सिद्ध करायचा आणि त्याला मुक्त केल्याचा दस्त जोडायचा. तो अर्ज आज सैनिकाच्याच लिफाफ्यात आहे. म्हणजे हात गमावणारा एक, आणि त्याच्या अंगाची किंमत मागणारा दुसरा. दोघेही एकाच लिफाफ्यात. पण इतिहासाचा विद्यार्थी हा कागद संतापाने बाजूला टाकू शकत नाही. त्या माणसाचे गुलामगिरीतील नाव, मालकाचे नाव, मळा, गाव आणि कधी कधी तो कोणाकडून विकत घेतला गेला हेही त्याच कागदात आहे. कुटुंबाचा मागचा धागा तेथूनच हाती लागतो.

नावाचा प्रश्न मोठा आहे. गुलामाला आडनाव असे नव्हतेच म्हणा. मालकाचे आडनाव त्याला चिकटवले जाई. भरतीच्या वेळी कोणी मालकाचे नाव सांगितले, कोणी पळून आल्यामुळे मुद्दाम दुसरे सांगितले, कोणाचे नाव कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. युद्धानंतर पुष्कळांनी बापाचे नाव लावले किंवा स्वतःला आवडलेले नवे नाव घेतले. म्हणून एकाच माणसाचे तीन कागदांवर तीन नावे असू शकतात. दप्तराने दिलेले नाव आणि माणसाने स्वतः घेतलेले नाव यांतला हा झगडा आपल्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा कागद वैद्यकाचा. उत्तरेच्या सर्जन-जनरलच्या खात्याने १८७० ते १८८८ या काळात युद्धाचा वैद्यकीय व शल्यविषयक इतिहास सहा मोठ्या खंडांत छापला. त्यात हजारो रुग्णांची नोंद ओळीओळीने आहे: नाव, हुद्दा, पलटण, वय, जखमेची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख, कोठून छेद घेतला, शल्यवैद्याचे नाव, आणि शेवटी निकाल, बरा झाला, मुक्त झाला की मेला. शास्त्रासाठी केलेली ही यादी आज सैनिकांच्या वंशजांना उपयोगी पडते. १८६२ साली याच खात्याने सैनिकी वैद्यकीय संग्रहालय सुरू केले आणि तोडलेले अवयव व हाडे अभ्यासासाठी तेथे जमा होऊ लागली.

या संग्रहालयातील एक पाय प्रसिद्ध आहे. गेटिसबर्गच्या लढाईत २ जुलै १८६३ रोजी जनरल डॅनियल सिकल्स यांचा पाय गेला. त्यांनी तो पेटीत घालून संग्रहालयाकडे पाठविला आणि पुढे अनेक वर्षे ते त्याला भेटायला जात. जनरलचे हाड आजही नावानिशी सांभाळलेले आहे. शिपायाचा पाय इस्पितळाबाहेरच्या ढिगात जाई आणि तो ढीग खड्ड्यात पुरला जाई. मृत्यूनंतरची विषमता आपल्याला ठाऊक आहे. येथे माणूस जिवंत असतानाच त्याच्या हाडांचे वर्ग पडले.

तिसरा कागद, अंगच्छेदानंतरच्या सेवेचा. हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. अवयव गेला म्हणजे सेवा संपली, असे आपण गृहीत धरतो. तसे नेहमीच झाले नाही. २८ एप्रिल १८६३ रोजी संघराज्याने ‘इनव्हॅलिड कोअर’, म्हणजे अपंग सैनिकांचे दल, स्थापन केले. मार्च १८६४ मध्ये त्याचे नाव बदलून ‘व्हेटरन रिझर्व्ह कोअर’ करण्यात आले. त्यात दोन प्रकारच्या तुकड्या होत्या. ज्यांना बंदूक पेलता येई, ते पहिल्या प्रकारात. ते कैद्यांवर पहारा, शहराचा बंदोबस्त, आगगाडीबरोबर संरक्षण ही कामे करीत. ज्यांचा हात किंवा पाय गेला होता, ते बहुधा दुसऱ्या प्रकारात. त्यांना इस्पितळातील शुश्रूषा, स्वयंपाक, कारकुनी आणि दारावरचा पहारा दिला जाई. युद्ध संपेपर्यंत ६०,००० हून अधिक माणसे या दलातून गेली. जुलै १८६४ मध्ये दक्षिणेचे सैन्य थेट राजधानी वॉशिंग्टनच्या वेशीवर, फोर्ट स्टीव्हन्सला, येऊन ठेपले तेव्हा या ‘निकामी’ माणसांनीही तटबंदी सांभाळली.

त्यांना मिळालेली वागणूक मात्र वेगळीच होती. त्यांच्या फिकट निळ्या अंगरख्याची धडधाकट शिपाई टर उडवीत. दलाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे ‘आय. सी.’ होती. सडके मांस आणि निकामी माल तपासून टाकून देताना सरकारी निरीक्षक जो शिक्का मारीत, त्याचीही आद्याक्षरे हीच होती. दलाचे नाव बदलण्यामागे ही चेष्टा हेही एक कारण होते. माणसावर मालाचा शिक्का मारणाऱ्या त्या देशात गोऱ्या सैनिकालाही तो शिक्का पहिल्यांदाच बोचला असेल.

युद्धाच्या अखेरीस मुक्त गुलामांच्या व्यवस्थेसाठी ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ हे खाते निघाले. त्याच्या दक्षिणेतील कचेऱ्यांत या राखीव दलातले बरेच जखमी अधिकारी नेमले गेले. मजुरीचे करार, शाळा, भरतीच्या इनामाची वाटणी यांच्या कागदांवर त्यांच्या सह्या आहेत. काळ्या सैनिकाचा माग घेणाऱ्याला या खात्याचे दप्तर टाळता येत नाही, कारण सैनिकाची थकबाकी आणि इनाम पुष्कळदा त्याच्यामार्फतच दिले गेले.

चौथा आणि सर्वांत बोलका कागद पेन्शनचा. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर ठरले. पुढे अवयवागणिक दर ठरत गेले. १८६६ साली एक हात किंवा एक पाय गेलेल्याला १५ डॉलर, १८८६ साली ३० डॉलर. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या वर छेद असेल तर त्याहून जास्त. १८६२ पासूनच सरकार कृत्रिम पायासाठी ७५ डॉलर आणि हातासाठी ५० डॉलर देत असे. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. काळ्या व गोऱ्या हाताचा दर कागदावर एकच होता.

मग विषमता शिरली कोठून? ती पुराव्यातून शिरली. पाय नाही हे कोणालाही दिसते. पण हा माणूस अमुक पलटणीतला अमुकच आहे, आणि त्याचा पाय सेवेत असतानाच गेला, हे त्याला सिद्ध करावे लागे. त्यासाठी अधिकाऱ्याचा दाखला हवा किंवा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे हवीत. गुलाम म्हणून जन्मलेल्याला जन्माचा दाखला नाही, वय ठाऊक नाही, अक्षरओळख नाही. लढाईतले सोबती मेलेले किंवा पांगलेले. लिहून देणारा मध्यस्थ पैसे मागणार. शंका आली की पेन्शन खाते विशेष तपासनीस पाठवी. तो गावात येऊन शेजाऱ्यांना, जुन्या मालकालाही विचारी. गुलाम असताना झालेले लग्न कायद्याने लग्नच नव्हते. म्हणून विधवेला आपण त्याची बायको होतो हे सिद्ध करताना आणखी यातना. १८६४ साली काँग्रेसने अशा विधवांसाठी पुराव्याची अट थोडी सैल केली, एवढेच. इतिहासकार डोनाल्ड शेफर यांनी नमुना घेऊन केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अर्ज करणाऱ्या गोऱ्या सैनिकांपैकी दहांत नऊहून अधिक जणांना केव्हा ना केव्हा यश आले. काळ्या सैनिकांत हे प्रमाण सुमारे चारांत तीन होते. कायद्याचे शब्द समान, आणि अंमलबजावणीत हा फरक. कागदावरची समता म्हणजे काय चीज असते, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत आहे.

पण याच जाचामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. तपासनिसाने प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. तू कोठे जन्मलास? तुझा मालक कोण? तुझी आई कोणाला विकली गेली? लग्न कोणी लावले? त्या जबानीखाली सहीच्या जागी फुली आहे. ज्या माणसाला लिहिता येत नव्हते, त्याचे आत्मकथन संशयापोटी सरकारने लिहून ठेवले. प्रस्थापित इतिहासाने ज्यांना तोंड दिले नाही, त्यांचे शब्द पेन्शनच्या फायलींत शेकडो पाने भरून पडले आहेत. अर्थात ते जसेच्या तसे घेऊ नयेत. लिहिणारा बहुधा गोरा अधिकारी, बोलणारा पेन्शन जाईल या धाकात. कोणी कोणासमोर आणि कशासाठी सांगितले हे लक्षात ठेवूनच जबानी वाचली पाहिजे.

पाचवा कागद सैनिकाच्या स्वतःच्या हातचा. असा कागद दुर्मीळ असतो, पण तो सापडतो. न्यूयॉर्कचे संपादक विल्यम ओलंड बोर्न यांनी १८६५ साली एक स्पर्धा जाहीर केली. उजवा हात गमावलेल्या सैनिकांनी डाव्या हाताने हस्ताक्षर घटवून मजकूर पाठवायचा. हेतू असा, की अशा माणसांना कारकुनीसारखा रोजगार मिळावा. शेकडो नमुने आले आणि ते आज अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत रॉबर्ट पिन या ओहायोच्या काळ्या सैनिकाचे लिखाण आहे. ५ व्या काळ्या पलटणीतला हा सार्जंट. २९ सप्टेंबर १८६४ रोजी व्हर्जिनियातील चॅफिन्स फार्मच्या लढाईत कंपनीचे सर्व अधिकारी पडल्यावर त्याने तिचे नेतृत्व केले. त्याबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. जखमांनी त्याचा उजवा हात निकामी झाला. काळा माणूस पूर्ण माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी आपण सैन्यात गेलो, असे त्याने डाव्या हाताने लिहून ठेवले. पुढे तो वकील झाला आणि पेन्शनची प्रकरणे चालवू लागला. डाव्या हाताने अक्षर गिरवणारा शिपाई इतरांचे अर्ज लिहू लागला, याचे मोल शिक्षणासाठी झटणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला सांगायला नको.

सहावा माग उत्तरायुष्याचा. १८६५ साली अपंग सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रम स्थापण्याचा कायदा झाला. मेन, ओहायो, विस्कॉन्सिन आणि १८७० साली व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे शाखा निघाल्या. काळ्या सैनिकांना प्रवेश होता. झोपण्याची आणि जेवणाची जागा मात्र पुष्कळदा वेगळी असे. एकत्र लढलेल्यांची पंगत वेगळी. आश्रमांच्या वह्यांत जखम, हुद्दा, नातेवाइकाचे नाव आहे. १८६५ साली निघालेली ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक’ १८७४ मध्ये बुडाली, गरिबांचे पैसे गेले. पण तिच्या खातेवहीत ठेवीदाराची पलटण, आईबाप, भावंडे, जुना मालक यांची नावे राहिली. १८९० साली सैनिकांची व सैनिक-विधवांची खास शिरगणती झाली, तीत अपंगत्वाचा रकाना होता. त्या वर्षीची मुख्य जनगणना पुढे आगीत गेली, या खास शिरगणतीचा बराच भाग मात्र शिल्लक आहे.

दक्षिणेच्या बाजूनेही हजारो लोकांचे हात-पाय गेले. बंडात सामील असल्यामुळे त्यांना केंद्राची पेन्शन नव्हती. त्यांच्या राज्यांनी सोय केली. नॉर्थ कॅरोलिनाने १८६६ सालीच कृत्रिम अवयव द्यायला आरंभ केला. त्यांच्या नोंदी त्या त्या राज्याच्या दप्तरात शोधाव्या लागतात. ती माणसेही वेदनेतून गेली, हे मान्यच आहे. पण पुढे गावोगावी त्यांचे पुतळे उभे राहिले आणि गुलामी टिकविण्यासाठी झालेले युद्ध शौर्याची कथा बनले. त्याच काळात लुईस मार्टिनचे काय झाले?

तो इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे राहिला. १८९२ साली तेथेच वारला. ओक रिज दफनभूमीत त्याला बेवारस गरिबांसाठी राखलेल्या जागेत, दगडाविना, पुरण्यात आले. त्याच दफनभूमीत गुलामांचा मुक्तिदाता म्हणून ज्याचा गौरव होतो त्या अब्राहम लिंकनची भव्य समाधी आहे. मुक्तिदात्याला स्मारक मिळाले. त्या मुक्तीसाठी हात आणि पाय देणारा शंभराहून अधिक वर्षे नावाशिवाय पडून होता. संशोधकांनी आणि नागरिकांनी छायाचित्रावरून माग काढत थडग्यापर्यंतचा रस्ता शोधला आणि २०१३ साली तेथे त्याच्या नावाचा दगड बसला. सरकारने संशयाने काढलेले छायाचित्र अखेर त्याच्याच बाजूने साक्षीला उभे राहिले. १९९८ साली वॉशिंग्टनमध्ये काळ्या सैनिकांचे जे स्मारक झाले, त्याच्या भिंतीवर दोन लाखांहून अधिक नावे आहेत. तीसुद्धा याच हजेरीपटांतून गोळा झाली.

यातून आपण काय घ्यायचे? केवळ सहानुभूती घेऊन भागणार नाही, रीत घेतली पाहिजे. नाव मिळाले की पलटण शोधा. पलटण मिळाली की हजेरी पाहा. हजेरीत खंड दिसला की इस्पितळाची वही पाहा. तेथून पेन्शन, पेन्शनमधून कुटुंब, कुटुंबातून गाव, गावातून थडगे. एकही कागद एकटा खरा मानू नका आणि एकही कागद तो शत्रूने लिहिला म्हणून फेकू नका.

आपल्याकडेही असा माग घेण्याचे काम पडून आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत आणि बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे जाऊन त्या नावांना समाजाच्या स्मृतीत जागा दिली. ती नावे आहेत, कारण कोणीतरी त्यांची हजेरी लिहिली होती. पण ती मेलेल्यांची आणि जखमींची मोजकी नावे झाली. कंपनीच्या पलटणींत पिढ्यानपिढ्या नोकरी केलेल्या, पांगळे होऊन गावी परतलेल्या, पेन्शन घेऊन महारवाड्यात राहिलेल्या आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी भरती बंद झाल्यावर निराश झालेल्या माणसांचे काय? गोपाळबाबा वलंगकर असेच निवृत्त सैनिक होते. त्यांनी लेखणी हाती घेतली म्हणून आपण त्यांना ओळखतो. ज्यांनी घेतली नाही, त्यांचे पेन्शनबुक, बिल्ला, मुक्ततेचा दाखला आजही एखाद्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत असू शकतो. आजी त्या कागदाला ‘आज्याचा कागद’ म्हणत असेल, इतकेच.

तो कागद रद्दीत जाण्याआधी वाचला पाहिजे. शिक्षकांनी वर्गातल्या मुलांना तो घरून आणायला सांगावा. विद्यार्थ्यांनी त्याची नक्कल करून घ्यावी, आजीला विचारून त्यावरील नावापुढे गाव आणि वर्ष लिहावे. कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी अशा नकला एकत्र ठेवाव्यात. लुईस मार्टिनच्या थडग्यावर दगड बसायला एकशे एकवीस वर्षे लागली. आपली पेटी उघडायला तेवढा काळ घालवण्याचे कारण नाही.